घंटेवर मी होतो

चोपड्याच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा.
विषय फळ्यावर मीच लिहिला, खडू ओला होता:
आरोग्य विमा कायद्यानं सक्तीचा असावा की नसावा.
माझं काम एवढंच. तिसऱ्या मिनिटाला एक टोला,
चौथ्याला दोन.
मग कितीही मोठं सत्य असो, खाली बसायचं.

बाजू चिठ्ठीवर ठरते.
कल्पेश बडगुजरचा बाप विम्याचा एजंट,
त्याला निघाली ‘नसावा’.
पोरगं काय बोललं!
ज्या घरात पंचवीस तारखेला
कळण्याच्या पिठाच्या डब्यात हात तळाला लागतो,
त्या घराला तुम्ही म्हणणार, आधी हप्ता भर?
बाप पहिल्या रांगेत.
टाळ्या वाजवत होता, इलाज नव्हता.

मग तेजल राणे. तिनं मोटारसायकलचं काढलं.
बाहेर स्टँडवर चाळीस गाड्या उभ्या आहेत.
सगळ्यांचा विमा आहे, कारण चौफुलीवर पोलीस आहे.
गाडीवर बसणाऱ्या कितीजणांचा?
हात वर करा.

माझा हात घंटेवर होता.
नसता तरी वर गेला नसता.

एक वर्ष भरले होते. पतपेढीतून, चार हजार आठशे.
वर्षभर घरात कुणी शिंकलंसुद्धा नाही.
इंदू म्हणाली, मी धडधाकट शे,
कसाले वाया घालतस पैसा?
पुढच्या वर्षी त्या पैशाचा कूलर आला.
कूलर चांगला निघाला, खोटं का बोलू.
मे महिन्यात पत्रा तापला की
सगळं घर त्याच्यासमोर आडवं.
त्याच्यासमोरच तिच्या पोटात कळ उठली.

रात्री विदगावच्या पुलावरून गाडी नेली.
मागे ती, माझ्या पाठीत नखं रुतवून.
खाली तापी, म्हणजे तापीची वाळू.
गाडीच्या विम्याची पावती डिकीत,
प्लास्टिकमध्ये, घडी न मोडलेली.
जळगावला काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, कॅशलेस?
मला वाटलं, माझ्याकडे बघून म्हणतेय.
म्हटलं, हो बाई, दिसतंच आहे ना.

आता तुम्हाला वाटेल, मी ‘असावा’वाला.
पण माझा साडू सुपडू, धरणगावला जिनिंगमध्ये हमाल,
सात वर्षं एक हप्ता चुकवला नाही.
छातीत दुखलं तेव्हा पत्र आलं:
आजार आधीपासूनचा, आपण कळवला नाही.
सुपडू म्हणतो, माले ठावकं ऱ्हातं ते मी हमाली करतू का?
सक्ती करायचीच तर
भरणाऱ्यावर एक करा, देणाऱ्यावर दोन.
हे मी मनात बोललो.
तिथं कुणी टोला देत नाही.

इंदूचं बिल वर्गणीतून फिटलं.
पिंजारी सरांनी दोन हजार, लायब्ररीतल्या बाईंनी एक,
अडावदच्या मेहुण्यानं केळीच्या ट्रकचं भाडं जसंच्या तसं.
कँटीनवाल्या वेडूनं दीडशे, तेही सुट्टे.
सगळं वहीत आहे.
सक्ती कुणावरच नव्हती.
आता त्यातलं कुणी आजारी पडलं की मला खिसा झाडावाच लागतो.
तसा कायदा नाही,
पण चुकवून तर दाखवा चोपड्यात.

प्राचार्यांनी खोकून खूण केली.
साडेपाच मिनिटं झाली होती.
तेजल अजून बोलतच होती, चिठ्ठीचा बोळा मुठीत.
मी टोला दिला. एकच.
दुसरा द्यायला हात उठेना.
ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली,
मग आपणच बसली.

पहिला नंबर कल्पेशचा.
त्याच्या बापानं व्हरांड्यात गाठलं मला.
निंबाभाऊ, पोराचं मनावर घेऊ नका,
हा फॉर्म ठेवा, सावकाश भरा.

मी ठेवला.
पाठीमागची बाजू कोरी होती.
रात्री तिच्यावर वहीतली नावं उतरवून काढली,
वही फाटत आलीय.
इंदू म्हणाली, वेडूचं अक्षर मोठं काढ,
त्यानं सुट्टे दिले होते.