छत्तीसचा आकडा

छत्तीस, डॉक्टर अन्तेसाना स्पॅनिशमध्ये म्हणाल्या,
मिनिटाला छत्तीस.
मी तोच आकडा केचुआत सांगितला, ते माझं काम,
कोचाबांबाच्या या दवाखान्यात अकरा वर्षं.
इलारिया ओरेयाना यांनी पाठीवरच्या गाठोड्यातून
भाजक्या मक्याचे चार दाणे काढून माझ्या हातावर ठेवले
आणि विचारलं, छत्तीस काय? मेंढ्या?

ठोके, मी म्हटलं. काळजाचे. फार हळू चाललंय.

पण हळू हा शब्द आमच्याकडे दोष दाखवत नाही.
अलियामान्ता, असं आई म्हणते
मूल पहिल्यांदा ओढा ओलांडताना,
असं म्हणतात गवंड्याला, जावयाला, आंधळ्या गाढवाला.
हळू म्हणजे नीट, जपून.
तर त्या खूश झाल्या
आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

नीट नाही, दोन्या इलारिया.
परवा तुम्ही चिचाच्या रांजणाशी कोसळलात, ते यामुळे.
चढावर धाप, डोळ्यांपुढे अंधारी, तीही.
डॉक्टरांनी कागदावर चार खोल्यांचं घर काढलं,
वर दोन, खाली दोन.
वरून हाक निघते, खाली पोचत नाही.
वरचे आपल्या तालात, खालचे आपल्या,
एका छपराखाली पाठीला पाठ लावून.

जिना कुणी खाल्ला?

विंचुका.
या शब्दाला दुभाषा लागत नाही.
मातीच्या भिंतीतला किडा, लहानपणी, झोपेत,
गालावर, पापणीशी.
भिंतीला कान असतात म्हणे. त्यांच्या भिंतीला तोंड होतं.

मग उपाय. डॉक्टर एकेक बोट दुमडत गेल्या.
काचबिंदूचे थेंब आधी बंद.
डोळ्यात घातलेलं काळजापर्यंत उतरतं,
हे मी दोनदा विचारून घेतलं, मगच सांगितलं.
थायरॉइड पाहिलं, तिथे काही नाही.
शिरेतून औषध देता येतं, ती तासाभराची उसनवारी.
मानेतून तार घालता येते, ती चार दिवसांची.
काहींना नुसतं लक्ष ठेवणं पुरतं,
ज्यांना घेरी येत नाही त्यांना.
तुम्हाला पेसमेकर.

नवा परवडणार नाही, हे तिघींनाही माहीत होतं.
एक आहे, डॉक्टर म्हणाल्या आणि आवाज खाली आला.
परदेशात एक गृहस्थ वारले, घरच्यांनी काढून दिला.
निर्जंतुक केलाय. सात वर्षांची बॅटरी शिल्लक.

मी भाषांतराला वेळ लावला.
मेलेल्याच्या वस्तूला आमच्यात शब्द आहेत,
त्यातला एकही मला नको होता.

इलारिया दाणे चावत राहिल्या. मग प्रश्न आले,
मी जसेच्या तसे पुढे सरकवले.
तो काळजानं तर नाही ना मेला?
नाचायचा का?
बायको आहे? मग परतफेड कुणाला करायची?

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.
आभार मानले तरी चालतील, म्हणाल्या.
ते मी सांगितलंच नाही.
आयनी म्हणजे आज तू माझं शेत नांगर, उद्या मी तुझं.
उसनं ते उसनं.
हे स्पॅनिशमध्ये समजावेपर्यंत
पुढचा पेशंट दारात येऊन खोकला.

उरलं तर पुढच्या कुणाला देता येईल, डॉक्टर म्हणाल्या.
म्हणजे मी वेळेत मेले पाहिजे, बॅटरी उरवून!
इलारिया इतक्या हसल्या
की मी नकळत त्यांचं मनगट धरलं.

आता डाव्या खांद्याखाली चपटा फुगवटा आहे,
मिनिटाला साठ.
फाइलवर त्या माणसाचं नाव नव्हतं, फक्त अनुक्रमांक.
तो त्यांनी मला सातदा म्हणायला लावला, पाठ होईस्तोवर.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले.
भिंती नव्यानं लिंपलेल्या, चुना अजून ओला.
मांडावर पावाची माणसं:
नवरा, दोन बहिणी, एक तान्हं,
आणि शेवटी एक उंच, अनोळखी,
छातीवर सुईनं टोचलेले आकडे.
त्यातला एक चुकला होता.
मी काही बोलले नाही.