अजून ठरायचाय

रावपुऱ्यातल्या कचेरीत मी नक्कलनवीस.
दगडी कोळशाला मैलामागे किती पाई,
यावर तीन वर्षं पत्रं चाललीत.
कंपनी म्हणते, आधी बंदराला पैसे द्या;
दरबार म्हणतो, आधी भाडं उतरवा.
दोन्हीकडचा राग मी
एकाच वळणदार अक्षरात उतरवतो.

समुद्र पाहिलेला नाही.
धक्क्याची लांबी मात्र फुटाइंचांत पाठ.

काल विश्वामित्रीच्या यार्डात झवेरबेन
वाघिणीखाली सांडलेला कोळसा
पदरात वेचत होती.
मला ओळखून म्हणाली, "सायेब, आनो भाव शुं?"
"अजून ठरायचाय," माझ्या तोंडून गेलं.
ती हसली. चार खडे माझ्या पिशवीत टाकले,
मेथीच्या जुडीशेजारी.

घरी शेगडी पेटायला फार वेळ लागला.
आजच्या पत्रावर तारीख नवी घातली,
खाली मजकूर कालचाच.