ठराव क्रमांक सात

रविवार, साडेदहा. गणपूर्ती झाली नाही.
नियमाप्रमाणे अर्धा तास थांबलो
आणि तेवढ्याच माणसांत सभा सुरू केली.
मी पंचायतीचा सचिव. बोलणं माझं काम नव्हे,
मी फक्त लिहितो.

ठराव पाच: शाळेपासून तिठ्यापर्यंत
ताशी तीसची पाटी. सर्वानुमते मंजूर.
गेल्या वर्षीही सर्वानुमतेच लावली होती,
ती फणसाने गिळली.
फांदी छाटायला वनखात्याचा कागद लागतो,
कागद पणजीत आहे,
आणि फणस रस्त्याकडे वाढतोच आहे.

ठराव सहा: गटारावर लाद्या घालून पदपथ.
अभियंत्याने नकाशा उलगडला,
पदपथ त्यावर आखणीसारखा सरळ.
मधला विजेचा खांब नव्हता, इनासचा खुरीस नव्हता,
धाकू नायकाने रचलेले चिरे नव्हते.
पिएदाद बाई उठल्या. बेचाळीस वर्षं दुसरीचा वर्ग.
"चित्र छान आहे हं," म्हणाल्या,
"पण माणूस कुठे काढलास?"

मग सात.
शाणू केरकर सभेला चप्पल न घालता आला होता.
मुद्दाम.
"गतिरोधक काढा," म्हणाला. "भाड्याच्या गाड्या त्यावरून उडतात.
तुमचा वेगाचा नियम फक्त पाणी पाळतं.
व्हाळाकडे धावत आलेलं ते
गतिरोधकापाशी थांबतं, मान देतं, डावीकडे वळतं
आणि माझ्या घरात शिरतं.
ऑगस्टात दोनदा आलं.
जाताना चपला घेऊन गेलं."

लोक हसले. मीही,
खाली मान घालून.
मग हसू एकेका खुर्चीवरून उतरत गेलं,
कारण मागच्या रांगेत मोगरें वेळीप बसली होती
आणि तो गतिरोधक कुणामुळे आला
हे शाणूलाही माहीत होतं.
शाणू खाली बसला.
पंख्याचा आवाज ऐकू आला. तो मी लिहिला नाही.

सरपंचबाईंनी पुढचा विषय घेण्यासाठी कागद उलटला
तेव्हा मोगरें बसल्या जागेवरूनच बोलली:
"काढू नका.
शेताच्या बांधाला आम्ही तोंड ठेवतो.
बांध मोडत नाही, पाणी कुजत नाही.
याला कुणी ठेवलंच नाही."
आणि हात दाखवला. "एवढं. दोन्ही कडांना."

अभियंता म्हणाला, मानकात अशी तरतूद नाही.
पिएदाद बाईंनी पिशवीतून पट्टी काढली,
मागच्या रांगेपर्यंत गेल्या,
मोगरेंची वीत मोजली.
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत
एकोणीस सेंटीमीटर.
भाताच्या रोपांनी काळी पडलेली नखं
त्यात धरली.

सूचक: शाणू केरकर.
अनुमोदक: कोणीच नाही, मग सगळेच.
ठराव मंजूर.

सप्टेंबरात ठेकेदाराने कड फोडली.
पाणी आता सरळ जातं,
थोडं कायतानच्या कुंपणाला लागतं,
त्याचा अर्ज आला आहे, तो वेगळा विषय.
पदपथ नकाशावर सुखरूप आहे.
पहाटे पोदेर सायकलचं चाक
त्या फटीतून अलगद काढतो,
टोपलीतले पाव हलत नाहीत.
तिथे तो भोंगाही वाजवत नाही;
का, ते मी विचारलं नाही.

परवा लेखापरीक्षणाकडून विचारणा आली:
"गतिरोधकातील फटीचे माप,
१९ सें.मी.,
कोणत्या आधारे निश्चित करण्यात आले?
सात दिवसांत खुलासा करावा."

आज नववा दिवस.
फाईल टेबलावर आहे.
मी पेनाचं टोपण काढतो,
परत लावतो.