हात वर

गुरुवारी संध्याकाळी सात, ग्रंथालयाचं तळघर,
बॉयलरच्या उबेला आम्ही नऊजण.
थर्मासभर कॉफी, वेलदोड्याचा पाव
आणि जुनी, शाळेत सक्तीने वाचलेली कादंबरी,
जिच्या दोनशे चौदाव्या पानावर
एक गडीमाणूस बर्फात मरतो.

दार तीनदा वाजतं.
घरात पाच माणसं जागी असतात.
सकाळी तो पायरीवर सापडतो,
मूठ अजून वळलेली.

बाहेर सुपीरिअर सरोवरावरून वारा सुटला होता.
आत आम्ही मारेकरी शोधत होतो.

सिग्नी लाहती म्हणाली, मालक. कडी त्याने लावली.
मर्टल पेनहेल म्हणाली, कडी रोजचीच,
बायको उठत होती, तिचा दंड कुणी धरला ते बघा.
निवृत्त मास्तर ट्रेझाइज म्हणाले, दारिद्र्य.
ते नेहमीच दारिद्र्य म्हणतात
आणि पावाचा दुसरा तुकडा घेतात.
कुणी म्हणालं, प्यायला होता की तो!
कुणी म्हणालं, लेखक. दार उघडणं
एका ओळीचं तर काम होतं.
यावर सगळे हसले. जरा जास्तच.

मी म्हटलं, मतं घेऊ.
मालक वाटतो त्यांनी हात वर करा.
बायको? हात वर.
पाद्री? हात वर.
वाइक्को तेवढा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.

"कुत्रा भुंकतो," तो म्हणाला,
"दोनशे बारावर.
त्याला गप कोण म्हणतं?"

पानं मागे उलटली.
धाकटा मुलगा. नऊ वर्षांचा. एकच शब्द.
आमच्या सगळ्यांच्या नजरेखालून गेलेला.

वाइक्कोनं एकतीस वर्षं खाणीचा पाळणा चालवला.
खालून घंटा यायची:
एक म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड,
तीन म्हणजे आत माणसं आहेत, हळू.
बावन्न सालच्या मार्चमध्ये त्याने दोन ऐकले.
तिसरा वाजला की नाही, हे सांगायला
पाळण्यातलं कुणी वर आलं नाही.
कंपनीने चौकशी केली, शिक्का मारून कागद दिला.
गाव लहान आहे, सगळं सगळ्यांना माहीत.
सालमेलाच्या विधवेच्या दारात
दर हिवाळ्यात फोडलेली लाकडं रचलेली असत.
कोण रचतं, ते कुणी विचारलं नाही.

त्या रात्री कुणी पाव संपवला नाही.
खुर्च्या मिटल्या, कोट चढले,
वाइक्कोने टोपी घातली, मला म्हणाला,
पुस्तक पुढच्या आठवड्यात देतो.

दिलं. मी पानं तपासली, तेच माझं काम.
दोनशे सोळावर तपास अधिकाऱ्याचं वाक्य:
मृत्यू थंडीने. दोष कुणाचाही नाही.
खाली पेन्सिलची रेघ.
दर वर्षी मी ती खोडत आले,
शाळेतल्या पोरांना शिव्या देत.

मी रबर घेतलं. थांबले. मग खोडलीच,
पुस्तक काही एकट्याचं नसतं.
पण कागद तिथे दबलाय,
दिव्याखाली तिरका धरला की दिसतं,
बोट फिरवलं तर लागतं.

दिवा मालवताना आठवलं:
त्या संध्याकाळी
मी प्रत्येक नावाला
हात वर केला होता.