सहाशे अंश, एक तास

एकाच दुपारी, एकाच निर्वात पेटीत
तिन्ही तुकड्यांवर चढला झिंक ऑक्साइडचा थर.
केसाच्या जाडीचे हजार भाग करा,
त्यातले दोन घ्या. एवढाच.

काच, सिलिकॉन, नीलम.
आर्पेनिक चिमट्याने त्यांना भट्टीत निजवते,
वहीत लिहिते: सहाशे अंश, एक तास.
खिडकीबाहेर अश्तारकचा बर्फ.

आत कणाला कण भेटतो,
थोरले धाकट्यांना गिळतात, आवाज न करता.
दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली
नीलमावरचे सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे,
सिलिकॉनवरचे जाडजूड, जरा भांडखोर,
आणि काच?
कोपऱ्यात वाकलेली,
थराला तडे, आटल्या तळ्यासारखे.

"घाई केलीस," ती वराझदातला म्हणते.
त्याने दार उघडलं होतं साडेतीनशेलाच.
शेवटची बस. मुलीचा ताप.
तो काही सांगत नाही.

रविवारी त्याची आई, ह्राचुही,
जमिनीतल्या तोनीरमध्ये कमरेपर्यंत वाकून
लवाश थापते तापल्या भिंतीला,
हातभर लांब, पलीकडचं दिसेल इतका पातळ.
"नव्या भिंतीला पहिला धरत नाही,
धरला तर सुटत नाही.
पिठाला शिव्या देऊन काय होणार?"

सोमवारी आर्पेनिक तडकलेला नमुना फेकत नाही.
डबीवर चिठ्ठी लावते: क्रमांक सात, काच.
कारणाच्या रकान्यात 'घाई' लिहिते,
खोडते.
खुर्ची ओढून वराझदातसमोर बसते.
"सांग," म्हणते. "हळूहळू."