झीज

फ्युर्थच्या रविवारच्या बाजारात
नेव्झातच्या टेबलावर, कॉफीची चक्की
आणि जोडीदार हरवलेलं एक स्केट यांच्या मध्ये
ते बसलं होतं: पत्र्याचं, हिरवं, वीतभर.
कळा नुसत्या रंगवलेल्या.
दाबा, काही होत नाही.
खरं काम वरच्या चाकाचं.
अक्षर शोधा, चाक फिरवा, दांडा खाली,
मग पुढचं अक्षर.
‘मामा’ म्हणून आईला हाक मारायची
तर चार फेऱ्या.

बारा युरो, नेव्झात म्हणाला.
मी पिशवीतून आरसा काढला,
दात तपासायचा, लांब दांडीचा,
आणि चाकाच्या पोटात घातला.
तो हसला. त्याला माझी सवय आहे.

एकेचाळीस वर्षं मी लोकांचे दात बनवले.
तोंड न बघता, साच्यावरून सांगायचे:
हा एकाच बाजूनं चावतो,
ही रात्री झोपेत कुणाशी तरी भांडते.
रबराची अक्षरंही तशीच.
अक्षर म्हणे झिजत नाही.
ज्यानं कुणी हा शब्द घडवला
त्यानं ते पोराच्या हाती देऊन पाहिलं नसावं.

घरी फडताळात तेवीस आहेत.
लाल यंत्रात एल, आय, ई, बी पार गुळगुळीत,
बाकीची कोरी करकरीत.
आमच्या भाषेतलं ‘प्रिय’ एवढ्यांतच भागतं;
सगळी पत्रं तिथंच कंटाळली.
दुसऱ्याच्या शाईच्या नमद्यात बिस्किटाचा चुरा.
तो मी काढलेला नाही.
दात कोरून पोट भरत नाही, गुड्रुन,
फोल्कमार म्हणतो.
पोट भरलेलं असतं तेव्हाच म्हणतो.

हिरव्यात मात्र एकटा एक्स झिजलेला.
ज्याच्यावाचून आमचं वाक्य उभं राहत नाही तो ई
कालच साच्यातून निघाल्यासारखा.
खोडत असेल, फोल्कमार म्हणाला.
काय खोडणार, लिहिलेलंच नाही?
मग कुंपण काढत असेल. नाहीतर टाके.
तीन रात्री मऊ ब्रशनं घासत
मी हाच घास चघळला.

चौथ्या दिवशी चाक फिरवून सोडून दिलं.
स्प्रिंग सैल आहे. ते डुलत डुलत
आपसूक एक्सवर येऊन थांबतं.
म्हणजे अक्षर कुणी शोधलंच नव्हतं.
वाचता न येणारं कुणीतरी
मोठ्या, खऱ्या यंत्रावर राबणाऱ्या कुणाशेजारी बसून
आवाजात आवाज मिळवत होतं,
टक्, टक्,
मागे पडू नये म्हणून.
असं असेल. नसेलही.

काल संध्याकाळी फोल्कमार
कराचे आकडे संगणकावर बडवत होता.
मी हिरवं यंत्र पुढ्यात ओढलं,
चाकाला हात न लावता दांडा दाबत राहिले.
काय लिहितेस, त्यानं न बघताच विचारलं.
काम चाललंय, म्हटलं.
त्यानं खुर्ची जराशी सरकवली,
माझ्या कागदावर दिवा यावा म्हणून.