वार्निश

उद्यमनगरात आमच्या गल्लीतल्या लेथ थांबल्या
की समजायचं, जेवणाची सुट्टी.
त्या शांततेत दस्तगीरचाचांचं मोजणं ऐकू यायचं:
एकशे अकरा, एकशे बारा...
हाक मारली तरी मान वर नाही.
वेढा चुकला की मोटार जळते
आणि शिरोळचा ऊसवाला दारात येऊन
आईबाप काढतो.

गणपती बसले त्या आठवड्यात
त्यांच्या बोटांतनं तार निसटली.
मग चमचा. मग शर्टाचं बटण.
नवव्या दिवशी सीपीआरच्या कॉटवर
मानेखालचं सगळं अंग परक्याचं.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या.
केसपेपरच्या पाठीवर त्यांनी एक रेघ ओढली,
रेघेवर आखूड आखूड नळ्या चढवल्या.
"ही नस. आतली तार शाबूत आहे.
वरचं आवरण शरीरानंच खाल्लंय."

"म्हणजे इनॅमल गेलं," मी म्हटलं.
त्या हसल्या. "तसंच.
पण इथं गुंडाळणारी पेशी स्वतःच गुंडाळी होते
आणि तिथंच राहते.
एकीच्या वाट्याला नस येते मिलिमीटरभर, तेवढीच राखायची.
खाल्लेलं ती पुन्हा घालते. वेळ लागतो."

मिलिमीटरभर.
वरून निरोप धावतात: ऊठ, धर, सोड,
दोन नळ्यांमधल्या फटीफटीतून उड्या मारत,
आणि हिला त्यातला एकही ऐकू येत नसणार.
मेंदूतल्या हिच्या भाऊबंदांना तर
पूर्वी नुसता सरस समजायचे म्हणे,
फटी बुजवायला भरलेला.

रात्री मी हिशेब मांडायचो,
कंबरेपासून अंगठ्यापर्यंत किती मिलिमीटर.
आकडा मोठा व्हायचा, सोडून द्यायचो.
दर दोन तासांनी चाचांना कुशीवर वळवायचं.
शेजारच्या कॉटवर गडहिंग्लजचा म्हातारा,
त्याचा जावई न सांगता उठायचा,
दुसऱ्या बाजूनं चादर धरायचा, परत झोपायचा.
महिनाभर.
नाव विचारायचं राहून गेलं.

दिवाळीचे फटाके संपत आले तेव्हा
चाचांच्या डाव्या पायाचा अंगठा हलला. मी ओरडलोच,
नर्स धावत आली, रागावली.
त्यांचे ओठ पुटपुटत होते.
दुआ असेल म्हणून मी थांबलो,
मग कान नेला.

"गुंड्या, बोंबलू नको.
वार्निश वाळू दे.
मग करंट."